ऋतूंवरचा हायकू मुलांना कसा शिकवावा?

सातवीच्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे, हायकू या तीन ओळींच्या, मूळच्या जपानी कविताप्रकाराबद्दल. त्या लिहितात: "ऋतूंवर हायकू लिहा म्हटलं की मुलं पाच-सात-पाच अक्षरं बरोबर बसवतात, पण सगळ्यांचे हायकू एका साच्यातले येतात. 'पाऊस आला / मोर नाचू लागला / आनंद झाला.' आमच्या गावात मोर कुणी पाहिलेलाही नाही. मुलांना स्वतःचं काही लिहितं कसं करायचं?"

पहिली गोष्ट, 'पावसाळा' हा विषय देऊ नका. पावसाळा म्हटलं की मुलांना निबंध आठवतो, आणि निबंधातला मोर, हिरवा शालू, आनंदी शेतकरी असं सगळं आपोआप हजर होतं. त्यात मुलांचा दोष नाही. इतकी वर्षं त्यांनी या विषयावर हेच लिहिलंय आणि त्याचे गुणही मिळवलेत. विषय म्हणून वस्तू द्या: छत्री, चिखल, पत्रा, ओलं दप्तर. ऋतू आपल्या पायाने आत येतो.

ही माझ्या पदरची युक्ती नाही, हायकूची घडणच तशी आहे. जपानी परंपरेतल्या हायकूत ऋतूचं नाव घेण्याची गरज सहसा पडत नाही. त्यात एक ऋतुशब्द असतो, त्याला तिकडे 'किगो' म्हणतात. जपानी कवी बाशोचा १६८६ सालचा हायकू बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो:

जुनं तळं
बेडूक उडी घेतो
पाण्याचा आवाज

यात ऋतू कुठे आहे, असं वर्गात विचारून बघा. मुलं एका सुरात 'पावसाळा' म्हणतील. जपानी वाचकाला मात्र इथे वसंत ऐकू येतो, कारण त्यांच्याकडे बेडूक हा वसंताचा शब्द. थंडी सरली, तळ्यात पुन्हा जीव आला, एवढं सगळं त्या एका बेडकात आहे. आपल्याकडे बेडूक मृगाचा, पहिल्या मोठ्या पावसानंतर रात्रभर ओरडणारा. मुलांचं उत्तर चूक नाही, ते त्यांच्या मुलखाचं उत्तर आहे. तुमच्या शिकवण्याचा पाया इथेच घालता येतो. ऋतुशब्द मुलखागणिक बदलतात, म्हणून ते उसने आणता येत नाहीत. आपल्या आवारातून गोळा करावे लागतात.

जपानमध्ये या शब्दांचे कोश आहेत. त्यांना 'साइजिकी' म्हणतात आणि हायकू लिहिणारे ते हाताशी ठेवतात. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा आणि पाचवा भाग नववर्षाचा. प्रत्येक भागात साधारण असे कप्पे असतात: काळ, आकाश, भूमी, माणसांचं जगणं, सण आणि विधी, प्राणी, वनस्पती. नुसता 'चंद्र' म्हटलं तर तो शरदातला. आपल्या कोजागिरीशी हे छान जुळतं. चतुरही त्यांच्याकडे शरदाचा, आणि आपल्या माळांवरही पावसाळा सरता सरता चतुरांचे थवे दिसतात. पण चेरीचा बहर आपला नाही आणि बर्फही नाही. हिवाळ्यावर लिहा म्हटल्यावर विदर्भातलं पोरसुद्धा बर्फ पाडतं, तेव्हा समजावं की ते पुस्तकातून लिहितंय. (अमेरिकेतल्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाने बर्फ लिहिला तर तो खराच. त्याला मृगाचा किडा लिहायला लावू नये.)

तर वर्गाचा स्वतःचा ऋतुकोश करा. हायकू लिहिण्याच्या कितीतरी आधी. भिंतीवर मोठे कागद लावा, वर दिलेले कप्पे पाडा आणि मुलांना शब्द आणायला सांगा. अट एकच: पाहिलेलं, ऐकलेलं, हुंगलेलं, चाखलेलं किंवा हाताला लागलेलं हवं. सुरुवातीला 'पाऊस, इंद्रधनुष्य, कोकीळ' एवढंच येईल. मग घरी आजीला, आईला, शेजारच्या काकांना विचारून या म्हणावं. त्यानंतर जे येतं ते बघण्यासारखं असतं. वळीव, मृगाचा किडा, पेरणी, आवणी, इरलं, शेवळं, टाकळा, कर्टुली, पोळा, तेरडा, सोनकी, हस्ताचा पाऊस, हुरडा, शेकोटी, उलणारे ओठ, भोगीची भाजी, पळस, काटेसावर, कैरी, वाळवण, रसाची गुऱ्हाळं, माठ, बहावा. पावसाची तर आपल्याकडे नक्षत्रावर नावं आहेत. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस हे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेतल्या मुलाने 'रिमझिम' या एकाच शब्दावर भागवावं, हे मला खरंच सोसत नाही.

हे करताना ऋतू तीन की सहा या वादात पडू नका. वसंत-ग्रीष्म-वर्षा ही यादी मुलांना पाठ असते, पण त्यांचं वर्ष तसं चालत नाही. त्यांचं वर्ष पेरणी, गौरी-गणपती, सहामाही, दिवाळीचा किल्ला, सुगी, गॅदरिंग, वार्षिक परीक्षा, आंबे असं चालतं. हे सगळे ऋतुशब्दच. पंख्याच्या आवाजात सोडवलेला गणिताचा पेपर महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचकाला थेट मार्च-एप्रिलात नेऊन बसवतो. शिक्षक कोशात 'परीक्षा' लिहायला बिचकतात, कारण तो निसर्ग नाही. पण जपानी कोशात माणसांच्या जगण्याचा वेगळा कप्पा मुद्दाम आहे, आणि मुलांच्या हाती सगळ्यात ताजे शब्द त्याच कप्प्यात लागतात.

एक उदाहरण सांगतो. बीड जिल्ह्यात एका शाळेत हा कोश भरताना हिवाळ्याच्या कागदावर एका मुलाने 'ऊसतोड' लिहिलं. दिवाळीच्या सुमारास तिथली अनेक कुटुंबं तोडीसाठी कारखान्यांकडे निघतात आणि कित्येक मुलंही आईबापांबरोबर जातात. त्या शब्दावर पुढे त्याने हे लिहिलं:

ऊसतोड सुरू
हजेरीत तिचं नाव
पुढचं नाव

दोन नावांच्या मध्ये जी 'हजर' ऐकू यायला हवी होती, ती लिहिलेली नाही. ती तशी न लिहिण्यातच हायकू आहे. मला विचाराल तर ऋतूवरचा यापेक्षा नेमका हायकू मोठ्यांच्या लेखणीतूनही क्वचित येतो. आणि तो 'हिवाळा' या विषयातून कधीच आला नसता.

कोश भरत आला की लिहायला बसवा, पण थेट हायकू नको. आधी मुलांना पंधरा-वीस मिनिटं वर्गाबाहेर न्या. मैदान, विहीर, शाळेमागचं शेत, काहीही चालेल. प्रत्येकाने पाहिलेल्या एकाच गोष्टीबद्दल एक साधं वाक्य लिहायचं, गद्यात. 'सुंदर', 'मनमोहक', 'रम्य' असे शब्द त्या दिवसापुरते बंद. 'जणू' आणि 'सारखा' हेही बंद. मासाओका शिकी (१८६७–१९०२) या कवीने आधुनिक हायकूला हीच वाट दाखवली. चित्रकार समोरचं पाहून रेखाटन करतो, तसं शब्दांनी करावं, असा त्याचा आग्रह होता.

आता तुमचाच हायकू घेऊ. 'पाऊस आला / मोर नाचू लागला / आनंद झाला.' लिहिणाऱ्या मुलीला जवळ बसवा आणि विचारा, परवा पाऊस आला तेव्हा तू कुठे होतीस? "शाळेत." मग काय झालं? "काही नाही. पत्र्यावर एवढा आवाज झाला की बाईंचं काही ऐकूच येईना. मग बाई थांबल्या." थांबल्या म्हणजे काय केलं? "नुसत्या उभ्या राहिल्या. खडू हातात होता." झालं, हायकू मिळाला. तिला म्हणा, आत्ता जे बोललीस तेच लिही. पहिला खर्डा साधारण असा येतो:

पत्रा वाजतो
बाई खडू हातात
धरून उभ्या

पाच-सात-पाच चोख बसलंय आणि चित्रही डोळ्यांपुढे येतं. हा वर्गात वाचा. कुणीतरी हटकून म्हणेल, पत्रा तर माकडांच्या उड्यांनीही वाजतो! शंका रास्त आहे, ऋतू अजून पक्का झालेला नाही. मग पहिली ओळ 'पहिली सर' करून पाहा. ऋतू पक्का झाला, पण पत्रा गेला, आणि पत्रा गेला की बाई का थांबल्या ते कळत नाही. तिसरा प्रयत्न:

पत्र्यावर सर
बाई खडू हातात
धरून उभ्या

आता पहिल्या ओळीत सहा अक्षरं झाली. मी ती तशीच ठेवीन. आवाज आहे, पाऊस आहे, बाई आहेत, आणि त्या गप्प का उभ्या आहेत हे ज्याचं त्याने ओळखायचं आहे. आनंद झाला की नाही हेही ज्याचं त्याने ठरवायचं. पाठ थांबला म्हणून मुलांना झालेला आनंद यात आहेच, तो लिहायची गरज पडली नाही.

हे तीन खर्डे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि खोडू नका. कोणत्या शब्दाने काय आलं आणि काय गेलं हे मुलांना तिथे दिसतं. व्याख्या लिहून देण्यात तास घालवण्यापेक्षा यात घालवा.

आता दुसरी महत्त्वाची गोष्ट, मधला खंड. हायकू तीन ओळींचा दिसला तरी आतून तो बहुधा दोन भागांचा असतो. एका बाजूला एक गोष्ट, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि मध्ये थांबा. जपानीत त्यासाठी 'या', 'काना', 'केरी' असे खास शब्द आहेत. मराठीत ते नाहीत, पण आपल्याकडे क्रियापदाशिवाय वाक्य पुरं होतं. 'पत्र्यावर सर' एवढं म्हणून आपण थांबू शकतो, 'पडत आहे' म्हणावं लागत नाही. मुलं तीनही ओळी क्रियापदाने संपवतात, म्हणून त्या तीन सुट्या बातम्या वाटतात. पाऊस आला, झाडं भिजली, शाळा सुटली. तिथे एकच सूचना द्या: तिन्हीतलं निदान एक क्रियापद काढून टाक आणि दोनच गोष्टी ठेव. व्हरांड्यात टांगलेले रेनकोट आणि आत चाललेली प्रार्थना. विझलेली शेकोटी आणि अजून पुढे धरलेले हात. गच्चीवरचे पापड आणि राखणीची काठी हातात घेऊन झोपलेली आजी. अशा जोड्या तोंडी जुळवण्याचा खेळ घ्या. एकाने ऋतुशब्द म्हणायचा, दुसऱ्याने त्याला लागून दिसलेली गोष्ट सांगायची. दुसरी गोष्ट पहिलीचं स्पष्टीकरण असेल तर बाद. 'काळे ढग' म्हटल्यावर 'पाऊस येणार' बाद. 'काळे ढग' म्हटल्यावर 'दोरीवरचे कपडे काढणारी आई' चालेल.

भावना लिहायची नाही म्हटलं की मुलं विचारतात, मग दुःख कसं दाखवायचं? तेव्हा मी शिकीचाच १८९६ सालचा एक हायकू सांगतो. मणक्याच्या क्षयाने तो अंथरुणाला खिळलेला होता. बाहेर बर्फ पडत होता आणि उठून पाहता येत नव्हतं.

पुन्हा पुन्हा
विचारत राहिलो
बर्फ किती साचला

आधी त्याच्या आजाराबद्दल काही न सांगता हायकू वाचा, अर्थ विचारा. मग तो उठू शकत नव्हता एवढंच सांगा आणि पुन्हा वाचा. वर्गात काय होतं ते तुम्हीच बघा. शेवटची वर्षं या माणसाने खोलीतून दिसणाऱ्या अंगणावर काढली. शेवटचे तीन हायकू त्याने घोसाळ्यावर लिहिले, आपल्याकडे परसात चढवतात त्या घोसाळ्यावर. खोकल्यावर त्या वेलाचं पाणी देत असत. शहरातल्या शाळांमधले शिक्षक म्हणतात, आमच्या मुलांना निसर्गच दिसत नाही. त्यांनी हे उदाहरण जरूर सांगावं. आंब्याच्या पेटीतलं गवत, पंख्याचा वाढवलेला वेग, वर्षभराने बाहेर काढलेल्या स्वेटरचा वास, रुळांवर पाणी म्हणून उशिरा घरी आलेले बाबा, गॅलरीत येऊन बसलेलं भिजलेलं कबूतर, हे सगळे शहराचे ऋतुशब्द आहेत. मुंबईच्या मुलाला पळसावर लिहायला लावलं तर तोही पुस्तकातला मोरच.

अक्षरांबद्दल. जपानीत मोजतात ते एकक आपल्या अक्षराशी तंतोतंत जुळत नाही. तिथे दीर्घ स्वराचे दोन धरतात, म्हणजे ते आपल्या मात्रांच्या अधिक जवळ. 'टोक्यो' आपण दोन अक्षरांत लिहितो, जपानी कानाला त्यात चार एककं ऐकू येतात. तेव्हा मराठीत पाच-सात-पाच अक्षरं बसवली म्हणजे जपानी मोजमाप पाळलं, असं होत नाही. मी मुलांना सतरा अक्षरांची ढोबळ मर्यादा सांगतो, मधली ओळ जरा लांब ठेवायला सांगतो, आणि बोटं मोजायची ती अगदी शेवटी. मोजणी उपयोगाची आहे, कारण तिच्यामुळे फालतू शब्द गळतात. पण अक्षर भरण्यासाठी 'छान', 'खूप', 'गं', 'रे' घुसू लागले की मोजणी लगेच बंद करावी.

यमकाचं थोडं नाजूक आहे. हायकू मराठीत रुजवला कवयित्री शिरीष पै यांनी, १९७०च्या दशकात, आणि मराठीत लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळ हायकूंमध्ये दोन ओळींचं यमक आढळतं. मराठी कानाला ते गोड लागतं, ओवी आणि उखाण्यांवर तो कान घडलेला आहे. त्यामुळे यमक चुकीचं म्हणू नका. पण सातवीच्या मुलांना पहिले काही आठवडे ते बंद ठेवा. 'सरी' आली की तिच्यामागून 'परी' येते, आणि परी काही कुणी पाहिलेली नसते. पाहिलेलं लिहायची सवय लागली की ज्याला यमक सुचेल त्याने खुशाल जुळवावं.

हसणारा सूर्य, रडणारे ढग, नटलेली धरती यांना मात्र मी वर्षभर थारा देत नाही. ढग रडतो असं लिहिणाऱ्या मुलाने ढगाकडे पाहिलेलंच नसतं. त्याला विचारा, ढग कोणत्या बाजूने आले? डोंगर आधी दिसेनासा झाला की आधी वारा सुटला? मातीचा वास पाऊस पडण्याआधी आला की नंतर? उत्तर देण्यासाठी त्याला पुढच्या पावसाला बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. तेच हवंय. 'झाडे लावा, पाणी वाचवा' हेही असंच. ते घोषवाक्यांच्या स्पर्धेसाठी ठेवा.

तपासायचं कसं? लाल शाईने नको. जपानमध्ये हायकू लिहिणाऱ्यांच्या बैठकीला 'कुकाइ' म्हणतात, ती वर्गात उत्तम चालते. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न घालता हायकू लिहायचा. चिठ्ठ्या मिसळायच्या, मग दुसऱ्याच कुणीतरी त्या स्वच्छ अक्षरात उतरवून काढायच्या, म्हणजे हस्ताक्षरावरून ओळख पटत नाही. सगळे वाचून प्रत्येकाने दोन निवडायचे, स्वतःचा सोडून. निवडलेल्यावर बोलायचं: मला काय दिसलं, महिना कोणता वाटला, कोणता शब्द नसता तर चाललं असतं. सगळं बोलून झाल्यावरच लिहिणाऱ्याने हात वर करायचा. एरवी वर्गात ज्याचं नाव कुणी घेत नाही अशा मुलाला बहुतेक वेळा इथे सर्वाधिक मतं पडतात, कारण शेताबांधावर सगळ्यात जास्त वावर त्याचाच असतो. शिकीच्या गावी, मात्सुयामाला, १९९८पासून हायस्कूलच्या मुलांची हायकू स्पर्धा भरते. तिथे संघ एकमेकांच्या हायकूंवर भर व्यासपीठावर चर्चा करतात आणि त्या चर्चेलाही गुण असतात. सातवीला स्पर्धेची गरज नाही, पण बोलायची सवय आत्ताच लागलेली बरी. तुम्ही स्वतःही एक चिठ्ठी टाका. बाईंच्या हायकूला एकही मत पडलं नाही, तर मुलं पुढच्या वेळी जास्त मोकळेपणाने लिहितात.

हे सगळं एका आठवड्याच्या उपक्रमात बसणार नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हाच कागद भिंतीवर लावा आणि महिन्यातून एक तास यासाठी राखून ठेवा. श्रावणात, हस्ताच्या पावसात, हुरड्याच्या दिवसांत आणि काटेसावर फुलते तेव्हा ठरवून बाहेर जा. वेळापत्रकात इतकंच बसत असेल तर एवढंही पुरतं. कोशातल्या प्रत्येक शब्दापुढे तो कुणी, कुठे आणि कोणत्या तारखेला पाहिला हे लिहून ठेवायला लावा. पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, धोबी पक्षी मैदानात कधी उतरला, बहावा कधी फुलला. वर्ष संपताना कागद गुंडाळून टाकू नका, वहीत उतरवून खाली सहावीतून वर येणाऱ्या वर्गाच्या हाती द्या. त्यांना पहिल्याच दिवशी गेल्या वर्षीच्या तारखा दिसतील आणि यंदा पावशा लवकर आला की उशिरा, यावर वाद सुरू होईल. त्या वादाच्या तासाला हायकू लिहायला सांगू नका, नुसतं बोलू द्या आणि नवे शब्द कागदावर चढवा.